भ्र. भागवत

बाईचा सत्कार करायचा असेल तर आधी स्टेजवर नऊ पुरुष बसवावे लागतात, ही गोष्ट मी लातुरात छत्तीस वर्षं मास्तरकी करताना शिकले. नऊ पुरुष, त्यांच्यापुढे नऊ पाण्याच्या बाटल्या आणि कोपऱ्यात एक बाई, जिला अजून कुणी सांगितलेलंच नसतं की सत्कार तिचा आहे.

यंदा आमच्या घराजवळच्या शिक्षण संस्थेनं आठ मार्चची तयारी दीड महिना आधी सुरू केली. अध्यक्ष हणमंतराव यांनी त्यासाठी नांदेडहून सोमेश नावाचा माणूस आणला. तो गणपतीत देखावे करतो, निवडणुकीत बॅनर करतो आणि मार्चमध्ये स्त्रिया करतो. तीन आठवड्यांत त्यानं ‘मराठवाड्यातील स्त्रीशक्ती’ या विषयाचे बावीस फ्लेक्स तयार केले. चौदा फ्लेक्सवर बाईच्या नावाखाली तिचा नवरा कोण होता ते सविस्तर लिहिलं होतं. पाच फ्लेक्सवर तर फोटोही नवऱ्याचाच होता. बायकांचे फोटो मिळाले नाहीत म्हणे.

मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी निवृत्त बाई. संध्याकाळी गल्लीतली दहा-अकरा मुलं माझ्या ओट्यावर येतात, त्यांना मी वाचायला शिकवते. पुस्तक सगळ्यांनाच वाचता येतं. मी त्यांना कागद वाचायला शिकवते. रेशनकार्ड, सातबारा, लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी. कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहायचं टाळलंय ते ओळखायला.

फेब्रुवारीच्या मध्यावर आठवीतली श्रद्धा वही छातीशी धरून आली आणि ओट्याच्या पायरीवरच बसली. वर येईना.

“काय गं?”

तिनं वही पुढं केली. संस्थेच्याच शाळेत निबंध दिला होता, ‘आमच्या घरातील कर्तबगार स्त्री’. श्रद्धानं तिच्या पणजीवर लिहिलं होतं. पणजी साखराबाई रेणापूरला असते, वय पंच्याऐंशी. श्रद्धा तिला मोठी आई म्हणते. बासष्ट सालच्या फेब्रुवारीत, लातूरच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला असताना, मोठ्या आईनं एक्केचाळीस बायकांचा अर्ज तहसीलला दिला आणि मतदानाच्या दिवशी कारखान्याचं गेट उघडायला लावलं, असं तिनं लिहिलं होतं. दीड पान. अक्षर स्वच्छ.

खाली लाल शाईत शेरा होता. “खोटी माहिती. संस्थेच्या इतिहासातून चोरलेली. आठ मार्चपूर्वी चूक कबूल केल्याचे लिहून आणावे व वर्गात वाचून दाखवावे.”

“बाई, मी चोरी नाही केली,” श्रद्धा म्हणाली. “शिल्पा मॅडमनी मला उभं केलं. सगळे आता मला फ्लेक्स म्हणून हाक मारायलेत.”

छत्तीस वर्षांत मी किती वह्या तपासल्या याचा हिशेब नाही, पण ‘खोटी’ हा शब्द मी कधी लाल शाईत लिहिला नाही. मूल खोटं बोललं असं वाटलं तर जवळ बसवून विचारावं. लाल शाई लागली की ते मूल पुढं खरं सांगायलाही घाबरतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले. दारातच पहिला फ्लेक्स होता, माझ्यापेक्षा दुप्पट उंच. डावीकडे हणमंतरावांच्या आईचा फोटो, नथ, भरजरी पदर. उजवीकडे एका पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो. त्यावर बायकांच्या नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे अंगठा. पहिल्या ओळीभोवती सोमेशनं लाल गोल काढला होता. ‘१. साखराबाई भ्र. भागवत.’ आणि खाली छापलं होतं: ‘एक्केचाळीस महिला कामगारांना मतदानाचा हक्क मिळवून देणाऱ्या रणरागिणी, मातोश्री सिंधुबाई भागवतराव. माहेरचे नाव साखराबाई. शिक्षण सातवी उत्तीर्ण, ग्रंथवाचनाची विशेष आवड.’

आमच्याकडच्या जुन्या कागदांत लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं ‘भ्र.’ लिहितात. भ्र. म्हणजे भ्रतार. त्यापुढं नवऱ्याचं नाव. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. हणमंतरावांचे वडील भागवतराव. कागदावर भागवत सापडला, मग साखराबाई ही भागवतरावांचीच बायको असली पाहिजे. आईचं नाव तर सिंधु होतं, ही अडचण त्यांनी चुटकीसरशी सोडवली. लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. मग माहेरचं नाव साखरा असणार. विचारायला आई हयात नाही. संशोधन संपलं.

रविवारी मी श्रद्धाला घेऊन रेणापूरला गेले. साखराबाई दारात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. डोळे अधू, कान तिखट.

“कोन हाय?”

“श्रद्धाची बाई, आजी. मी शिकवते तिला.”

“मारता का?”

“नाही हो.”

“मग शिकवता कसं?” असं म्हणून ती स्वतःच हसली आणि मूठभर घाटे माझ्या ओंजळीत टाकले. “सोला. बसून काय करायलात.”

घाटे सोलता सोलता मी विचारलं. तिनं सगळं असं सांगितलं, जणू कालच गेट उघडून आली.

“मुनीम म्हनला, मतदान असू द्या न्हाईतर काई असू द्या, उद्या दिवस बुडाल्याबिगर गेट उघडायचं न्हाई. जिला जायचं तिनं सकाळीच जावं, पुन्यांदा येऊ ने. समद्या गप. मला नुकतंच एकविसावं सरलं होतं, यादीत नाव आलं होतं. म्हनलं, नाव लिहून गेले घरी येऊन, आन आता ह्यो कोन अडवनारा? सांजच्याला समद्या जणी तहसीलम्होरं गेलो. तितं झाडाखाली अर्जनवीस बसायचा. त्यो म्हनला, पयलं नाव कुनाचं टाकू? कुनी बोलंना. पयली दिसली की पयलीलाच कामावरनं काढतेत. म्हनलं, टाक माझं.”

“आणि नवऱ्याचं नाव कुणी सांगितलं?”

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. मतदारयादीचं काम मी चौदा वर्षं केलंय. नोकरीच्या सुरुवातीला घरोघर फिरायचे तेव्हा एकही म्हातारी नवऱ्याचं नाव तोंडानं सांगायची नाही. शेजारीण सांगायची, आणि शेजारणीच्या नवऱ्याचं नाव ही म्हातारी सांगायची. शेजारीण घरी नसेल तर मी दारात तिष्ठत बसायचे. काही जण माझ्यासारखे तिष्ठत नसत. जे सुचेल ते लिहून पुढच्या घरी जात. त्या याद्या आजही सरकारी कपाटांत खऱ्या म्हणून ठेवलेल्या आहेत.

साखराबाईनं पदर तोंडावर धरला. “बाकीच्या एकमेकींचं सांगायल्या. मला लातुरात येऊन सहाच म्हैने झालते, माझं कुनाला ठावं? अर्जनवीस कावला. म्हनला, बाई, नाव सांग न्हाईतर ऊठ. मी म्हनलं, अर्जात वर ज्याची तक्रार लिव्हलीस ना, तेच नाव. त्यो दचकलाच. म्हनला, तू मुनीमाची बायको? म्हनलं, मुडद्या, नाव तेच, मानूस येगळा! माझा मालक मोंढ्यात हमाल हाय.”

ती हसून हसून खोकू लागली. श्रद्धानं पाणी दिलं.

“मग मतदान झालं का, मोठ्याई?” श्रद्धानं विचारलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

“समद्यांचं झालं. तहसीलचा शिपाई आला, गेट उघडलं तवा उनं कलली होती. मुनीम पुन्यांदा कुलूप घालंल म्हनून मी गेटाला टेकून उभी. चाळीस जणी गेल्या, आल्या. मग मी पळत सुटले. पोचले तर पेटीला लाख लावायलते.” तिनं हातातला घाटा फोडला. “तवापासून एक बी मतदान सोडलं न्हाई. सकाळी सातला पयली हाजर.”

“आजी, मालकांचं नाव काय?”

“भिंतीवर हाय. वाचा की. मास्तरीण ना तुमी?”

भिंतीवर फोटो होता. खाली रंगानं लिहिलं होतं, कै. भागवत शेषेराव.

सरकारी रेकॉर्ड रूममध्ये जुन्या कागदाची नक्कल मागायला अर्ज करावा लागतो. त्या अर्जात ‘अर्जदार महिला असल्यास पतीचे नाव’ असा रकाना होता. मी लग्न केलेलं नाही. मी रेघ मारली. तिथला कारकून मृत्युंजय म्हणाला, “मॅडम, रेघ चालत न्हाई, सिस्टीम घेत न्हाई.” मी म्हटलं, “मग सिस्टीमला सांग, मला नवरा नाही म्हणून.” त्यानं माझ्या वडिलांचं नाव घातलं. साखराबाईच्या अर्जापासून चौसष्ट वर्षांत एवढी प्रगती. पण पोरगा भला होता. बारा दिवसांत नक्कल त्यानं माझ्या हातात ठेवली. दोन पानं होती.

सोमेशनं फक्त दुसऱ्या पानाचा फोटो काढला होता. पान उलटायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःहून ते सुचायला कागद वाचावा लागतो.

संध्याकाळी मी ओट्यावर दोन्ही पानांच्या झेरॉक्स ठेवल्या. मुलांना म्हटलं, फ्लेक्स सगळ्यांनी पाहिलाय, आता हे बघा आणि काय दिसतं ते सांगा. सांगितल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

पाचवीतला सर्वेश सगळ्यांत आधी बोलला. “बाई, अंगठा हाय.”

“मग?”

“फ्लेक्सवर तर सातवी पास लिव्हलंय. सातवी पास बाई सही करंल ना.”

बावीस फ्लेक्स, एक नांदेडचा तज्ज्ञ, संस्थेचे तेवीस पदाधिकारी. आणि हे दिसलं पाचवीतल्या पोराला.

पहिलं पान श्रद्धानं मोठ्यानं वाचलं. “आम्ही खाली अंगठा करणाऱ्या सर्व बायका कारखान्यात कापूस निवडण्याचे काम करतो. उद्या रोजी मतदान असून मुनीम भागवतराव यांनी गेट बंद ठेवण्याचे सांगितले आहे. आमची नावे सरकारने यादीत लिहिली आहेत. गेट उघडावे, ही विनंती.”

श्रद्धा थांबली. “बाई, मुनीम भागवतराव म्हणजे...”

“हणमंतरावांचे वडील.”

“म्हणजे त्यांच्या आईनं त्यांच्या वडिलांच्या विरुद्ध अर्ज दिला?”

“घरातच सांगून भागलं असतं की,” सर्वेश म्हणाला.

सहा मार्चला मी दोन्ही पानं घेऊन हणमंतरावांच्या केबिनमध्ये गेले. सोमेशही होता, खुर्चीत तिरपा बसून मोबाइल पाहत. हणमंतरावांनी पहिलं पान वाचलं. मुनीम या शब्दापाशी त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

“मॅडम, तुम्ही कशाला मनावर घ्यायलात? सभागृहाला आईचं नाव द्यायचं हाय. पत्रिका गेल्या. पाहुणे यायलेत.”

“सभागृहाला आईचं नाव जरूर द्या. त्यांनी तुम्हाला वाढवलं, तेवढं कारण पुरे आहे. दुसरीचा अंगठा कशाला लावता?”

सोमेशनं मान वर केली. “मॅडम, भागवत नावाचे लई जण असतील. ती म्हातारीच कशावरून?”

“मग तुमच्या मातोश्रीच कशावरून?”

“ते कमिटीनं ठरवलं.”

हणमंतराव हसले. हुशार माणूस. “असं करू. म्हातारीला घेऊन या. ज्येष्ठ मतदार म्हणून शाल देऊ. तिनं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं नाव भागवत म्हणून सांगितलं, तर आपण विचार करू. आधार कार्डावर तर मुलाचं नाव असंल, ते काई पुरावा न्हाई.”

त्यांना पक्कं ठाऊक होतं. रेणापूरची पंच्याऐंशी वर्षांची बाई नवऱ्याचं नाव माइकवर घेणार नाही. दरवर्षी स्त्रीशक्तीवर भाषण देणाऱ्या माणसानं बाईचं तोंड बंद ठेवायला बाईचाच संकोच कामाला लावला होता.

मी चहा घेतला नाही. “आणि श्रद्धाच्या वहीतला शेरा?”

“ते शिल्पा मॅडमचं काम. मी शिक्षकांच्या कामात ढवळाढवळ करत न्हाई.”

आठ मार्चला साखराबाईला आणलं. वाटेत ऑटोत मी तिला सगळं सांगितलं. फ्लेक्स, माहेरचं नाव, हणमंतरावांची अट. शेवटी वही दाखवली. ती वाचू शकत नव्हती, म्हणून लाल शेरा मी वाचून दाखवला. ‘खोटी’ म्हटल्यावर तिनं श्रद्धाचा हात धरला आणि लातूर येईपर्यंत सोडला नाही.

स्टेजवर नऊ पुरुष होते. जवळच्या गावच्या सरपंच ताई आल्या होत्या, पण त्यांच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते आणि ताई खाली पहिल्या रांगेत नातवाला सांभाळत होत्या. रांगोळी स्पर्धेचा निकाल झाला. ‘आदर्श गृहिणी’ झाल्या. हणमंतरावांनी आईबद्दल बोलताना डोळे पुसले. ते अश्रू खरे असावेत, मी नाही म्हणत नाही. मग साखराबाईला वर नेलं. शाल खांद्यावर टाकली. हणमंतरावांनी स्वतः माइक तिच्या तोंडापुढं धरला.

“आजी, तुमचं नाव सांगा.”

“साखराबाई.”

“आणि मालकांचं नाव?”

सभागृहात खसखस पिकली. बायकाच हसल्या आधी. कुणीतरी मागून म्हणालं, “उखाना घ्या आजी, उखाना!” स्टेजवरचे दोन-तीन जण टाळ्या वाजवू लागले. साखराबाईनं पदर ओढून तोंडावर घेतला. हणमंतराव माइक मागं घेऊ लागले. अदबीनं, हळूच.

तिनं माइकची वायर धरली.

“थांब रं,” ती म्हणाली. “भागवत.”

हसू थांबलं.

“माझ्या मालकाचं नाव भागवत. अडुसष्ट वर्सं झाली लगीन होऊन, तोंडातनं काढलं न्हाई. त्यो गेला तवा बी न्हाई. आज काढलं. मोंढ्यात हमाल होता. आन ज्यानं गेट लावलं, त्यो बी भागवतच. त्यो मुनीम.” तिनं मान फिरवली, पण स्टेजमागच्या, हार घातलेल्या भागवतरावांच्या फोटोकडे नीट पाहणं तिच्या डोळ्यांना शक्य नव्हतं. “ह्येचा बाप. मानूस वाईट नव्हता. कारखान्याच्या मालकाला भ्यायचा. पर गेट त्यानंच लावलं.”

सोमेश ध्वनिक्षेपकवाल्याकडे हातवारे करू लागला.

“आजी, आपण बसून बोलू,” हणमंतराव म्हणाले. “तुमचं बी नाव टाकू फ्लेक्सवर. दोघींचं टाकू.”

“मला काय करायचं फ्लेक्सचं?” म्हातारी म्हणाली. “तुझ्या आईचं राहू दे. बिचारी, तिला कुनी विचारलं? घरातनं कधी भायेर आली न्हाई, आन मेल्यावर तिला कारखान्यात पाठवायलास. ते तुझं तू बग. माझ्या पोरीच्या वहीत लाल कुनी केलंय?”

कुणाला कळेना.

“श्रद्धी, वही आन. कोन ती मास्तरीन? उभी रहा बाई.”

तिसऱ्या रांगेत शिल्पा उभी राहिली. तिशीची, तात्पुरत्या नेमणुकीवरची, दर जूनला संस्था ठेवते की नाही या काळजीत असणारी मुलगी. तिला शेरा लिहायला कुणी सांगितलं असेल ते मला विचारावं लागलं नाही. स्टेजवरच्या नऊपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे अचानक आपापल्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणं उघडू लागले.

श्रद्धा वही घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. शिल्पानं पर्समधून पेन काढलं. ते लालच होतं. तिनं त्यानंच शेरा खोडला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि खाली काहीतरी लिहिलं. मग पूर्ण सही केली, नेहमीसारखी नुसती रेघोटी नाही.

मी नंतर वाचलं. ‘माहिती खरी आहे. मी तपासली नव्हती.’

एवढं लिहायला नऊ पुरुषांना जमलं नसतं. जूनमध्ये शिल्पाला संस्थेनं ठेवलं नाही, हेही सांगून टाकते. ती आता मुरुडच्या शाळेत आहे आणि रविवारी कधीकधी माझ्या ओट्यावर येते.

सभागृहाला त्याच संध्याकाळी मातोश्रींचं नाव दिलं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात शाल घेतलेली एक म्हातारी कडेला अर्धी कापलेली दिसते. ओळ होती, ‘ज्येष्ठ महिलेचा सत्कार करताना मान्यवर.’ फ्लेक्स काढून आता तिथं संगमरवरी पाटी बसवलीय. मजकूर तोच. रणरागिणी, माहेरचे नाव, सातवी उत्तीर्ण. फक्त अंगठ्याचा फोटो गाळलाय. सर्वेशच्या नजरेत आलेली गोष्ट दगडात कोरायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्याचा मी उपयोग करते. शिकवायला इतका चांगला नमुना मला छत्तीस वर्षांत सरकारनं पुरवला नव्हता. ओट्यावर नवीन मूल आलं की पंधरा दिवसांत मी सगळ्यांना तिथं नेते. आधी पाटी वाचायला लावते. मग अर्जाचं पहिलं पान, आणि मग दुसऱ्या पानावरची एक्केचाळीस नावं, प्रत्येकानं चार-चार. नवऱ्यांची नावं वगळून. ती वाचायची नाहीत, असा माझा नियम आहे.

संस्थेचा वॉचमन पहिल्यांदा धावत आला होता. आता नुसता खुर्ची सरकवतो.

“बाई, थोडं हळू वाचायला सांगा पोरांना,” परवा तो म्हणाला. “साहेब आत बसलेत.”

मी मुलांकडे वळले. “कुठल्या बाईचं नाव चाललं होतं? पुन्हा वाच. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”